झालान्याहून वागातोरला : दुचाकीवाल्यांच्या जत्रेचा पहिला बेत

जयपूर म्हटले की हवामहाल, आमेरचा किल्ला आणि गुलाबी भिंती डोळ्यांसमोर येतात. झालान्याचे नाव पर्यटकांच्या ओठी फार उशिरा आले, आणि तेही बिबट्यामुळे. शहराच्या आग्नेय अंगाला अरवलीच्या बुटक्या टेकड्यांवर सुमारे वीस चौरस किलोमीटरचे हे जंगल आहे. एका बाजूला मालवीयनगरच्या सोसायट्या, दुसऱ्या बाजूला धोकाची झाडे, राजघराण्याची जुनी शिकारखान्याची इमारत आणि उन्हात अंग टाकून पडलेला बिबट्या. उघड्या जीपमधून तो पाहायला आता देशभरातून माणसे येतात.

जयपूरकरांना मात्र झालाना डुंगरी ठाऊक असते ती वेगळ्याच कामासाठी. (डुंगरी म्हणजे टेकडी, आपल्या डोंगराचीच धाकटी बहीण.) शहराचे प्रादेशिक परिवहन कार्यालय इथेच आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की मुले-मुली परवान्यासाठी इथे खेटे घालतात. नव्या गाडीला क्रमांक मिळतो तोही इथेच. जयपूरच्या कितीतरी दुचाकीस्वारांचा पहिला प्रवास असा बिबट्याच्या शेजारघरातून सुरू झालेला आहे.

आणि त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मनात, कधी ना कधी, एकच गाव येऊन बसते : गोव्यातले वागातोर.

जत्रा कसली?

बार्देश तालुक्यातले वागातोर हे समुद्रकाठचे गाव. शापोरा किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले. २०१३ पासून इथे ‘इंडिया बाईक वीक’ नावाचा दुचाकीवाल्यांचा मेळावा भरू लागला. नावात आठवडा असला तरी मुख्य कार्यक्रम दोन दिवसांचाच. २०२१ मध्ये तो महाराष्ट्रात, लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीत झाला होता. त्यामुळे यंदा कुठे आणि कोणत्या तारखांना, हे दरवर्षी नव्याने पाहूनच पुढचा बेत करायचा. दुसरा मेळावा रॉयल एनफिल्ड कंपनीचा. बुलेटवाले त्याला वर्षानुवर्षे ‘रायडर मेनिया’ म्हणत आले. २०२३ मध्ये कंपनीने त्याचे नाव ‘मोटोव्हर्स’ केले. तो नोव्हेंबरमध्ये तीन दिवस चालतो.

तिथे असते काय? नव्या गाड्यांची ओळख, रंगरूप पार बदलून टाकलेल्या जुन्या गाड्या, मातीच्या गोल मैदानावरच्या शर्यती, रात्री गाणीबजावणी, आणि दूरदूरच्या प्रवासातून आलेल्या माणसांची भाषणे. बुलेटवाल्यांच्या मेळाव्यात सर्वांत हळू कोण चालवतो याचीही शर्यत लागते. पाय जमिनीला न टेकवता, गाडी बंद न पाडता, जो सर्वांत शेवटी पोहोचतो तो जिंकतो! भरधाव जाणाऱ्या पोरांना चार गोष्टी शिकवायच्या तर याहून चांगला खेळ शोधून सापडणार नाही.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. साउथ डाकोटा राज्यात स्टर्जिस नावाचे जेमतेम सात हजार वस्तीचे गाव आहे. १९३८ साली तिथे काही हौशी लोकांनी मोटारसायकलींची शर्यत लावली. पुढे ती जत्राच झाली. २०१५ मध्ये तिला पंचाहत्तरावा मेळावा म्हणून सात लाखांवर माणसे जमली होती. आपल्याकडची गर्दी त्यामानाने किरकोळ. पण आपले रस्ते अमेरिकेतले नव्हेत, हेही तितकेच खरे.

घरातली बैठक

मुलाने किंवा मुलीने ‘गाडीवरून गोव्याला जातो’ म्हटले की घरात काय होते ते सांगायला नको. आई जेवणाचे ताट बाजूला सारते, वडील वर्तमानपत्र वर धरतात, आजीला तेवढ्यात कुणाच्या तरी मुलाचा अपघात आठवतो. तिचे चूक नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यात दुचाकीवरची ७४,८९७ होती. म्हणजे शंभरात जवळजवळ पंचेचाळीस.

जयपूरला तर या विषयात एक नाव विसरता येत नाही. वीनू पालीवाल याच शहरातल्या. हार्ले डेव्हिडसन चालवणाऱ्या महिलांमध्ये त्यांचे नाव देशभर झालेले. लांबच्या प्रवासांचा सराव दांडगा, गाडीवर हुकमत पक्की. देशभराच्या दौऱ्यावर असताना ११ एप्रिल २०१६ रोजी मध्य प्रदेशात विदिशा जिल्ह्यातल्या ग्यारसपूरजवळ त्यांची गाडी रस्त्यावरून घसरली आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. वय होते चव्वेचाळीस. इतक्या तयारीच्या बाईंचे असे झाले, मग आपल्या पोराचे काय, असे घरच्यांनी विचारले तर त्यावर चढ्या आवाजात उत्तर देण्यात अर्थ नाही.

उत्तर द्यायचे ते कागदावर. कोणत्या दिवशी किती किलोमीटर, मुक्काम कुठे, बरोबर कोण, रोज संध्याकाळी फोन किती वाजता, हे सारे लिहून वडिलांच्या हाती द्यावे. लिहिताना एक गोष्ट आपोआप लक्षात येते. मेळावा दोन दिवसांचा आणि रस्ता दहा दिवसांचा! पहिल्यांदा जाणारे नेमके उलटे करतात. तिकीट, मनगटाला बांधायची पट्टी, टी-शर्ट, कोणता गायक येणार याचीच चर्चा महिनाभर चालते. परतीच्या दिवसांची आठवण कुणाला होते ती म्हापशात पेट्रोल भरताना, जेव्हा रजेचे तीनच दिवस शिल्लक असतात आणि घर सतराशे किलोमीटरवर असते. मग रात्रंदिवस गाडी हाकली जाते. शीण, झोप आणि घाई या तिघी एका गाडीवर बसल्या की चौथ्याला जागा उरत नाही.

म्हणून बेत शेवटून मांडावा. कामावर किंवा कॉलेजात कोणत्या तारखेला हजर व्हायचे ते आधी लिहावे, त्याच्या आधी एक दिवस नुसता झोपेसाठी सोडावा, आणि तिथून एकेक मुक्काम मागे यावे. जयपूर ते वागातोर हिशेब असा येतो : जायला पाच दिवस, तिथे तीन, यायला पाच. एकूण तेरा. एवढी रजा नसेल तर हट्ट सोडून रेल्वेचा विचार करावा. तो पुढे येईलच.

एकाच क्रमांकाचा रस्ता

जयपूरकरांचे एक भाग्य आहे. दिल्लीहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे करत थेट कोल्हापूरच्या पुढे जातो. म्हणजे झालान्यातून बाहेर पडून जो क्रमांक धरला तो निपाणीपर्यंत सोडायला नको. शिवाय राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही; नाक्यावर अगदी डावीकडची अरुंद वाट धरायची.

पहिला दिवस उदयपूरचा, सुमारे चारशे किलोमीटर. किशनगडला संगमरवराची मोठी बाजारपेठ आहे, तिथल्या लादीने भरलेल्या ट्रकांपासून अंतर ठेवावे. डिसेंबरच्या पहाटे धुके असते आणि शेतातून नीलगाय अचानक रस्त्यावर येते. तेव्हा उजाडल्याशिवाय निघू नये. उदयपुरात हे दिवस लग्नसराईचे. आयत्या वेळी खोली मिळेल या भरवशावर राहिलेल्यांना वरातीचे बँड ऐकत रात्र काढावी लागते. खोली आधी ठरवावी, आणि गाडी आवाराच्या आत लागेल का हे फोनवरच विचारून घ्यावे.

वाट थोडी वाकडी करून पालीकडून जाणारेही असतात, आणि त्याला कारण आहे. पाली ते जोधपूर रस्त्यावर चोटिला गावाजवळ ओम बन्नांचे देवस्थान आहे. इथे पूजा होते ती एका बुलेटची. अपघातात गेलेल्या ओमसिंह राठोड या तरुणाची ती गाडी. पोलिसांनी ती ठाण्यात नेली तरी पुन्हा अपघाताच्या जागी येऊन उभी राहायची, अशी कथा सांगतात. कथेवर विश्वास ठेवा वा न ठेवा. काचेच्या पेटीतली ती हार घातलेली फटफटी पाहून पुढे निघालेल्याचा हात काही काळ तरी अॅक्सिलरेटरवर हलका राहतो, एवढे खरे.

दुसऱ्या दिवशी रतनपूरची सीमा ओलांडून शामळाजीमार्गे गुजरात. अहमदाबादहून वडोदऱ्याला जाणारा द्रुतगती मार्ग गुळगुळीत आहे, पण दुचाकीला त्यावर बंदी. जुन्या महामार्गानेच जायचे. हीच बंदी पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आहे, मुंबईच्या अटल सेतूवर आहे आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही. मोबाईलवरचा नकाशा मोटारीचा रस्ता दाखवतो आणि नवखा स्वार त्याच्या नादी लागून चुकीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. नकाशात दुचाकीचे चित्र निवडले आहे ना, हे रोज सकाळी बघावे.

तिसरा दिवस वडोदऱ्याहून पनवेलचा. भरूचला नर्मदा, पुढे सुरत, वापी, आणि मग घोडबंदरची ती प्रसिद्ध कोंडी! या दिवशी किलोमीटर न मोजता तास मोजावेत. ठाण्याच्या अलीकडे अंधार झाला तर तिथेच थांबणे शहाणपणाचे.

चौथ्या दिवशी मात्र प्रवास सुखाचा होतो. खोपोलीहून बोरघाटाच्या जुन्या वाटेने चढताना शिंगरोबाचे छोटे देऊळ लागते. घाटातून रेल्वे नेण्याची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात. येणारे-जाणारे चालक इथे नाणे टाकतात. पुढे पुणे, मग खंबाटकी. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो आणि येताना बोगदा मिळतो, हे राजस्थानच्या पाहुण्याला सांगून ठेवावे, नाहीतर तो बोगदा शोधत बसतो. मुक्काम कोल्हापूर. तांबडा-पांढरा रस्सा चाखायचाच, पण दुसऱ्या दिवशी आंबोलीचा घाट आहे हे ध्यानात ठेवून.

पाचवा दिवस लहान आणि देखणा. निपाणीजवळ महामार्ग सोडून आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवीच्या नाक्यावरून गोवा. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला म्हापशात असतो. मुंबई-पुण्याचे काहीजण पनवेलहून सरळ कोकणातून येतात. तो रस्ता निसर्गाने श्रीमंत आहे खरा, पण त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून रखडत आलेले. पहिल्या खेपेला कोल्हापूरची वाटच बरी.

गाडी आणि माणूस

लोकांची समजूत अशी की या जत्रेला दोन-चार लाखांची गाडीच हवी. तसे काही नाही. साधी दीडशे सीसीची गाडीही हे अंतर कापते, फक्त सावकाश. गाडी कोणतीही असो, निघण्याच्या दोन आठवडे आधी मेस्त्रीकडे न्यावी. आदल्या दिवशी नव्हे. नवे भाग बसवले की त्यांच्या कुरबुरी कळायला शे-दोनशे किलोमीटर लागतात. ऑइल, ब्रेक, चेन आणि चेनचक्री, दोन्ही टायर, दिवे, बॅटरी एवढे पाहून घ्यावे. बरोबर क्लचची केबल, एक प्लग, फ्यूज, ट्यूब किंवा पंक्चरचे सामान, आणि पाने-पकड. हे वापरता येत नसेल तर मेस्त्रीजवळ एक दुपार बसून शिकून घ्यावे. चहा पाजला की तो आनंदाने शिकवतो.

जाऊन-येऊन साडेतीन हजार किलोमीटर होतात. गाडी लिटरला तीस-पस्तीसची धाव देत असेल तर शंभर ते एकशे सतरा लिटर पेट्रोल. लिटरला शंभर रुपये धरले तरी दहा हजारांच्या वर जातात. मुक्काम, जेवण, मेळाव्याचे प्रवेशशुल्क वेगळे. मित्रांमध्ये पैशांवरून रुसवे होतात ते याच हिशेबावरून, म्हणून एकाने वही सांभाळावी.

हेल्मेट आयएसआय खुणेचेच. देशात २०२१ च्या जूनपासून दुसरे विकायलाच बंदी आहे. मागे बसणाऱ्यालाही ते तितकेच सक्तीचे. न घातल्यास हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित, असे २०१९ चा सुधारित कायदा सांगतो. २०२२ मध्ये हेल्मेट नसल्यामुळे देशात ५०,०२९ माणसे गेली; दंडापेक्षा हा आकडा जास्त बोलका आहे. मागे बसणाऱ्या स्त्रीची ओढणी किंवा पदर चाकात अडकून झालेले अपघात वर्तमानपत्रांत नेहमी येतात. लांबच्या प्रवासाला पूर्ण पायघोळ पँट, जाकीट आणि घोट्यावर येणारे बूट, मग फोटोत कसेही दिसो.

परवाना, गाडीची नोंदणी, विमा, प्रदूषणाचे प्रमाणपत्र : यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये ठेवाव्यात, पण कागदावरचाही एक संच असावा. घाटात मोबाईलची बॅटरी संपते तेव्हा डिजिलॉकर उघडत नाही. विम्याची मुदत प्रवासाच्या मधल्या तारखेला संपत नाही ना, हे फार थोडे जण बघतात. एका चिठ्ठीवर रक्तगट आणि घरचा फोन लिहून ती जाकिटाच्या खिशात टाकावी. १०८ रुग्णवाहिकेचा, ११२ सर्व तातडीच्या मदतीचा आणि १०३३ राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक.

सराव हवा. गाडीवर रोज दहा किलोमीटर जाणाऱ्याने एकदम चारशे कापायला निघू नये. आधी एका रविवारी झालान्याहून अजमेर-पुष्कर करून यावे. ये-जा तीनशे किलोमीटर होतात. कंबर कुठे दुखते, पाण्याची बाटली कुठे बांधायची, मित्रांपैकी कोण पुढे पळतो आणि कोण मागे राहतो, हे सारे एका दिवसात समजते. पुढे अनुभवी, सर्वांत मागेही अनुभवी, नवखे मध्ये, अशी रांग असते. शेजारी-शेजारी चालवायचे नसते. एक डावीकडे तर त्याच्या मागचा उजवीकडे, थोडे अंतर राखून. जो पळतो त्याला या फेरीनंतर प्रेमाने सांगावे की बाबा, तू रेल्वेने ये.

रेल्वेत तसा कमीपणा काहीच नाही. अजमेरहून एर्नाकुलमला जाणारी साप्ताहिक मरुसागर एक्स्प्रेस जयपूर, कोटा, वडोदरा, पनवेल करत मडगावला जाते. गाडी तिच्या सामानडब्यात चढवता येते. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करायची, आरसे काढायचे, गोणपाटाने बांधायचे, नाव-पत्त्याची पाटी लावायची. नोंदणीपत्र आणि ओळखपत्राच्या प्रती द्यायच्या. आपल्या तिकिटावर ‘लगेज’ म्हणून नोंदवली तर ती आपल्याच गाडीने येण्याचा संभव जास्त. ‘पार्सल’ म्हणून दिली तर पुढेमागे होते. तरीही एक दिवस हातचा राखावा. सहकुटुंब जाणाऱ्यांना, किंवा जाताना रेल्वे आणि येताना रस्ता असा मध्यम मार्ग काढणाऱ्यांना, ही सोय फार चांगली.

वागातोरमध्ये

मेळाव्याच्या दिवसांत वागातोर आणि हणजुणेत खोल्यांचे भाव चढतात. म्हापशात किंवा शिवोलीत राहिले तर जरा स्वस्त पडते आणि रात्री झोपही लागते. गावकरी हे दिवस कसे काढत असतील याचाही विचार पाहुण्याने करावा. सायलेन्सर फाडून गल्लीतून फटाक्यासारखे आवाज काढत जाणारे दहाच असतात, पण बदनाम सगळे होतात. दारू प्यायलेल्याने चालवू नये हे सांगणे नको. पकडल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मेळाव्याला चालत जाता येईल अशी खोली घेणे हा त्यावरचा साधा इलाज.

घरच्या मंडळींना दोन्ही दिवस मैदानात बसवून ठेवू नये. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो. चोरीस पाव, गोव्याचे चुरीसो, मिरच्या, केळी, मातीची भांडी असे सगळे तिथे मिळते. संध्याकाळी शापोरा किल्ल्यावर जावे. २००१ च्या ‘दिल चाहता है’ चित्रपटामुळे तो तरुणांना पाठ आहे. आजोबांना खालची शापोरा नदी समुद्राला मिळताना पाहायला आवडेल.

मेळाव्यात सर्वांत मोलाचे काय, तर आपल्याच वाटेने आलेली माणसे भेटणे. उदयपूर, सुरत, कोल्हापूरचे कुणी ना कुणी तिथे असतेच. परतीला सोबत जमते, मेस्त्रीचे पत्ते मिळतात. आणि शेवटच्या दिवशी रात्रीचा गाण्यांचा कार्यक्रम कितीही रंगला तरी दुसरा दिवस निघण्याचा ठेवू नये. एक दिवस नुसते झोपावे, चेन पुसून तेल द्यावे, हवा बघावी.

निघताना सामान बांधताना एक काळजी. गोव्यात दारू स्वस्त, म्हणून पिशवीत दोन बाटल्या टाकण्याचा मोह होतो. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे, आणि गुजरातेत तर दारूबंदीच. शामळाजीच्या बाजूला झडती होते. त्याऐवजी काजू आणि कोकम न्यावे.

पाचव्या दिवशी उदयपूरहून निघाले की घराचा वास येऊ लागतो आणि हात आपोआप पिळू लागतो. नाथद्वारा, भीलवाडा मागे पडते. थंडीत सहाच्या आधी अंधारून येते. अजमेरपाशी संध्याकाळ झाली असेल तर घर केवळ एकशे पस्तीस किलोमीटर उरते, आणि पुढे किशनगडचे तेच लादीचे ट्रक रात्रभर चालू असतात. तिथेच गाडी लावावी, खोली घ्यावी आणि झालान्याला फोन करून सांगावे : आई, आज नाही, उद्या सकाळी नाश्त्याला येतो.